संपले की थांबले?

एखाद्या गोष्टीचा शेवट आणि तिच्यात पडलेला खंड ही दोन्ही दिसावयास पुष्कळदा सारखीच असतात. कीर्तन रंगात आले असता दिवा विझला, तर श्रोते उठून जात नाहीत. आख्यान अपुरे आहे हे ठाऊक असल्यामुळे दिवा लागेपर्यंत ते बसून राहतात. परंतु बुवांनीच मध्ये आरती सुरू केली, तर मंडळी हात जोडून घरची वाट धरतील, आणि कथा अर्धीच राहिली हे कित्येकांच्या ध्यानातही येणार नाही.

मोबाइलवरील चित्रफितीचेही असेच होते. इंटरनेटचा वेग मंदावला म्हणजे पडद्यावर चक्र फिरू लागते. तो नुसता विझलेला दिवा. पण चाळीस मिनिटांचा गणिताचा पाठ एकतिसाव्या मिनिटाला थांबून लगेच पुढचा पाठ सुरू झाला, तर ती अकाली झालेली आरती होय. ज्या भागात उदाहरण सुटत होते तोच राहून गेला, याचा विद्यार्थ्याला पत्ता लागत नाही. आपल्यालाच समजले नाही असे मानून तो स्वतःला बोल लावतो.

असे का व्हावे? चित्रफीत अखंड दिसली तरी ती तशी येत नाही. ॲपल कंपनीने २००९ साली पुढे आणलेल्या पद्धतीत तिचे लहान लहान तुकडे पाडतात. सुमारे ६ सेकंदांचा तुकडा असावा, अशी त्या कंपनीची शिफारस आहे. सोबत तुकड्यांची यादी असते व यादीच्या अखेरीस समाप्तीची खूण असते. सारे तुकडे नोंदले जाण्यापूर्वीच ती खूण पडली, तर ॲप यादीवर विश्वास ठेवून निमूटपणे थांबते.

एकसंध फाइलची गोष्ट निराळी. एमपी-फोर प्रकारच्या फाइलमध्ये एक अनुक्रमणिका असते. ती शेवटी असून फाइल अर्धवट उतरली, तर फीत सहसा चालतच नाही आणि दोष उघडा पडतो. ती आरंभी असेल, तर फीत सुरळीत चालते आणि मजकूर सरला की थांबते. फाइलचा एकूण आकार सर्व्हर बहुधा आधीच कळवतो. परंतु त्याच्याशी ताळा न करणारे ॲप तुटलेल्या जोडणीलाच समाप्ती समजते.

दोष शोधणाऱ्याने प्रथम एकच प्रश्न विचारावा: फीत दर खेपेस त्याच क्षणी थांबते काय? निरनिराळ्या क्षणी थांबत असेल, तर दोष बहुधा वाटेत, म्हणजे जोडणीत असतो. त्याच क्षणी थांबत असेल, तर ती दुसऱ्या फोनवर किंवा संगणकावर लावून पाहावी. तेथेही त्याच जागी थांबली, तर दोष मुळात, फाइलमध्ये अथवा यादीत आहे. तेथे पूर्ण चालली, तर तो ॲपमध्ये किंवा त्याने साठवलेल्या अपुऱ्या प्रतीत असण्याचा संभव अधिक. ती साठवण पुसावी, ॲप अद्ययावत करावे व पुन्हा पाहावे. तरीही न सुटल्यास तक्रारीत थांबण्याचा क्षण, फितीची एकूण लांबी आणि ॲपची आवृत्ती लिहावी. नुसते 'चालत नाही' म्हटल्याने कोणालाच मार्ग सापडत नाही.

ॲप रचणाऱ्यांकडून अपेक्षा थोडीच आहे. अपेक्षित लांबीपेक्षा कमी भाग हाती आला असेल, तर तसे पडद्यावर स्पष्ट सांगावे. दिवा विझला आहे एवढे कळले, तर श्रोते थांबावयास तयार असतात.