झोपडीला मजला नसतो



मुंबईतल्या एखाद्या वस्तीत पुनर्वसनाची योजना आली की सर्वांत आधी एक यादी निघते. तिला परिशिष्ट-दोन म्हणतात. झोपडी क्रमांक, झोपडीधारकाचे नाव, वापर निवासी की अनिवासी, जोडलेले पुरावे, आणि शेवटी ज्यावर सगळ्यांचे डोळे लागलेले असतात तो शेरा : पात्र किंवा अपात्र. आता या यादीतली 'झोपडी' पाहायला प्रत्यक्ष गल्लीत शिरा. विटांच्या भिंती, खाली लादी, मोरीला टाइल्स, वर सिमेंटचा पत्रा, दाराबाहेर अंगचोर लोखंडी शिडी, आणि शिडीने वर गेले की आणखी एक खोली. त्या खोलीत बहुधा भाडेकरू राहतो. गवताची काडी औषधालाही सापडणार नाही. आणि योजनेच्या रूढ नियमाप्रमाणे वरच्या खोलीत राहणारा माणूस झोपडीधारक ठरत नाही; घर मिळते ते खालच्याला. म्हणजे एकाच छपराखाली खाली झोपडी आहे आणि वर काहीच नाही. कागदावरच्या झोपडीला मजला नसतो. आजच्या व्याख्यानात मला जे म्हणायचे आहे ते या शिडीपाशीच सुरू होते. झोपडी हा शब्द घर कशाचे बांधले आहे ते सांगायचा. आज तो त्या घराखालची जमीन कोणाची आणि घराची नोंद कोणत्या तारखेची, हे सांगतो. हा पालट घरांमुळे झाला असे आपण धरून चालतो. माझ्या मते तो कायद्याने आणि मोजणीने घडवला.

आधी शब्दाचे मूळ पाहू, कारण तिथेच एक गैरसमज ठाण मांडून बसला आहे. मराठी कानाला झोपडीत 'झोप' ऐकू येते, आणि झोपण्यापुरती जागा ती झोपडी, अशी व्युत्पत्ती सर्रास सांगितली जाते. ती टिकत नाही. हिंदीत झोंपडी आहे, गुजरातीत झूंपडी आहे. पण हिंदी माणसाला नींद येते आणि गुजराती माणसाला ऊंघ. ज्या भाषांत झोप हा शब्दच नाही त्यांनी झोपेवरून घराचे नाव कसे पाडावे? शब्द जुना आहे. बाराव्या शतकात अणहिलवाड पाटणला आचार्य हेमचंद्रांनी व्याकरण रचले, त्याच्या आठव्या अध्यायात अपभ्रंश भाषेचे नियम समजावताना त्यांनी लोकांच्या तोंडचे दोहे उदाहरणादाखल घेतले. त्यातल्या एकात 'झुम्पडा' येतो. बोलणारी बाई म्हणते त्याचा मतलब असा : माझा नवरा गोठणावर हजर असताना आमच्या झोपड्या जळतीलच कशा? तो आग विझवील, शत्रूच्या रक्ताने, नाहीतर स्वतःच्या. झोपडी इथे गरिबीची खूण म्हणून येत नाही. ज्यासाठी रक्त सांडावे असे ते घर आहे. झुपका, झुडूप या शब्दांशी तिची भावकी असावी, असा माझा कल आहे. गवताचा झुपका छपरावर चढला की झोपडी होते, एवढा साधा हिशेब.

मराठीत या जातीच्या निवाऱ्यांना शब्दांची ददात कधीच नव्हती. शेतात खोप किंवा खोपटे, दक्षिण कोकणात आणि गोव्यात मांगर, डोंगरात धनगराचा झाप, भटक्यांचे पाल, ऊसतोड मजुरांची कोपी. यांतला प्रत्येक शब्द काही नेमके सांगतो. पाल म्हटले की कापड आणि खुंट्या आल्या, झाप म्हटले की डोंगर आणि गुरे आली. खोप्याची तर गोष्टच न्यारी : सुगरणीचे घरटे तो खोपा आणि बाईच्या केसांचा तोही खोपा. एवढा लाडका शब्द हलक्या घराच्या कुळातला आहे, हे मुद्दाम लक्षात ठेवावे. चंद्रमौळी हे त्याहून नवलाचे. ज्याच्या मस्तकी चंद्र तो चंद्रमौळी, म्हणजे शंकर. मराठी माणसाने हे देवाचे नाव गळक्या छपराच्या घराला दिले, कारण छपराच्या भोकांतून चंद्र दिसतो. दारिद्र्याकडे पाहून असे हसणारी भाषा त्या घराला कलंक मानत नव्हती. १८९६-९७च्या प्लेगात पुण्यामुंबईचीच नव्हे तर गावोगावची खाऊनपिऊन सुखी कुटुंबे वाडे सोडून गावाबाहेर झोपड्या बांधून राहिली. साथ ओसरली, परत आली. त्या झोपडीने त्यांच्यापैकी कोणाची पायरी उतरवली नाही.

इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. वाड्यातला माणूस चार महिने झोपडीत राहिला तर त्याची पायरी उतरणार नाहीच. जन्मभर राहणाऱ्याची काय कथा? प्रतिष्ठा तेव्हाही शब्दांना चिकटलेली होतीच की. होती. तिचा उत्तम पुरावा वर्ध्याजवळ उभा आहे. गांधीजी १९३६ साली सेवाग्रामला राहायला गेले आणि तिथे माती, बांबू, कौले यांची घरे उभी राहिली. त्यांच्या घराला आपण बापूकुटी म्हणतो. सामान तेच, कारागीर त्याच मुलखातले. पण 'बापूंची झोपडी' असे कोणी म्हणत नाही. स्वतः निवडलेल्या साधेपणाला संस्कृत शब्द मिळतो आणि नशिबी आलेल्या साधेपणाला देशी, ही आपल्या भाषेची जुनी खोड आहे. तरीही तुकडोजी महाराजांनी झोपडीवर भजन रचले तेव्हा त्यांना कुटीच्या आडोशाची गरज वाटली नाही. महालात नाही ते सुख झोपडीत आहे असे ते सांगतात, आणि ते भजन गावोगाव म्हटले जाते. प्रतिष्ठेची उतरंड होती, पण झोपडी हा शब्द घर या अर्थाच्या आत राहूनच कमीजास्त होत होता. घर या अर्थाबाहेर तो अजून गेला नव्हता.

बाहेर नेला तो 'पट्टी'ने. घरपट्टी, पाणीपट्टी यांतली पट्टी म्हणजे कर. झोपडपट्टीतली पट्टी म्हणजे जमिनीचा लांबट तुकडा : रुळांलगतचा, नाल्याकाठचा, जलवाहिनीच्या कडेचा. समास सोडवून पाहा. झोपड्यांची पट्टी, तत्पुरुष, आणि तत्पुरुषात उत्तरपद प्रधान असते हे आपण शाळेत शिकलो. म्हणजे या शब्दात मुख्य जमीन आहे, झोपडी तिचे विशेषण. व्याकरणाने जे सुचवले ते कायद्याने पक्के केले. १९५६ साली केंद्राने गलिच्छ वस्त्यांचा कायदा केला आणि १९७१ साली महाराष्ट्राने आपला. या १९७१च्या कायद्यातली व्याख्या वाचण्यासारखी आहे. सोयी अपुऱ्या आहेत, वस्ती दाटीची आहे, अस्वच्छ आहे, त्यामुळे तिथल्या किंवा शेजारच्या लोकांच्या आरोग्याला, सुरक्षिततेला किंवा सोयीला धोका आहे, असा भाग झोपडपट्टी क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. भिंत कुडाची की विटांची, याला त्यात महत्त्व नाही. मग आली मोजणी. ४ जानेवारी १९७६ रोजी मुंबईतल्या झोपड्यांची गणना झाली, क्रमांक पडले, कुटुंबांना फोटोपास मिळाले. त्या दिवसापासून झोपडीला जन्मतारीख आली. पुढे ही तारीख सरकत गेली. १९९५ची पहिली जानेवारी, मग २०००ची, आणि पैसे भरून घर घेणाऱ्यांसाठी २०११ची. या तारखेआधीची ती संरक्षित झोपडी, नंतरची ते अतिक्रमण; मग दोन्हींची भिंत एकाच गवंड्याने का बांधलेली असेना! १४ फुटांपर्यंत उंची चालते, त्यावर हातोडा पडतो. १९९५ साली झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आले आणि झोपडीची किंमत चौरस फुटांत ठरू लागली : आधी २२५, मग २६९, आता ३००. गवत, कारवी, कुड, शेण हे सगळे शब्द या प्रवासात गळून पडले. उरले ते क्रमांक, तारीख, उंची आणि क्षेत्रफळ.

न्यायालयातही हेच दिसते. पदपथावर राहणाऱ्यांच्या खटल्यात १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे सांगितले. ओल्गा टेलिस खटला म्हणून तो सगळ्यांना ठाऊक आहे. निकालाची ही बाजू नेहमी सांगितली जाते. दुसरी बाजू अशी की रीतसर नोटीस देऊन हटवायला न्यायालयाने मनाई केली नाही, आणि पर्यायी जागेची हमी मिळाली ती १९७६च्या गणनेत नोंद होऊन ओळखपत्र मिळालेल्यांना. तोवर शब्द आणखी एक पायरी उतरला होता. १९८१ साली राज्यात विघातक कृत्यांना आळा घालणारा कायदा झाला. त्याचा रोख जमीन बळकावून, बेकायदा बांधकामे करून ती भाड्याने देणाऱ्यावर होता. कायद्याच्या मराठी नावात हा माणूस झाला 'झोपडपट्टी गुंड', आणि त्याच्या शेजारी हातभट्टीवाले. लुबाडणारा एक, पण नाव पडले ते लुबाडल्या जाणाऱ्यांच्या वस्तीच्या अंगावर. आज चांगल्या इमारतीतली आई मुलाला 'झोपडपट्टीसारखे ओरडू नकोस' म्हणते, तेव्हा तिच्या मनात ना छप्पर असते ना जमीन. घराचा शब्द स्वभावाचा झाला.

यावर कोणी म्हणेल, शब्दाला कायद्याने नव्हे, घाणीने बट्टा लावला. उघडी गटारे, शौचालयापुढच्या रांगा, ही काय कल्पना आहे? नाही, ती वस्तुस्थिती आहे. पण शब्द वस्तुस्थितीमागे धावत असता तर विटांची भिंत आली तेव्हा तो मागे हटला असता. तो हटला नाही. उलट गावकुसाबाहेरच्या घरांची हलाखी शतकानुशतके होती. त्यांना आपण झोपडपट्टी म्हटले नाही, जातीच्या नावाचा वाडा म्हटले, आणि ती नावे बदलण्याचा निर्णय राज्य सरकारला थेट डिसेंबर २०२० मध्ये घ्यावा लागला. तिथे भाषेने दारिद्र्य पाहिले नाही, जात पाहिली. मुंबईत तिने जमीन पाहिली. कोळीवाड्यांचे उदाहरण घ्या. दाटी आहे, गल्ल्या अरुंद आहेत, बाहेरच्याला धारावीचा कोळीवाडा आणि पलीकडची वस्ती यांची सीमा सांगता येणार नाही. पण कोळीवाडा झोपडपट्टीत धरायला कोळी समाजाने वेळोवेळी कडाडून विरोध केला आहे, आणि त्याचे कारण ते स्वच्छतेचे सांगत नाहीत. आम्ही मूळचे, जागा आमची, असे सांगतात. शब्दाचा खरा अर्थ काय आहे, हे त्यांना कोशकारांपेक्षा नीट कळले आहे.

मग शब्दच बदलावा काय? हा आणखी एक आक्षेप, किंवा सूचना म्हणा. वर्तमानपत्रांनी मथळ्याच्या सोयीसाठी 'झोपु योजना' केलेच आहे. म्हणजे शब्द हिंडून फिरून पुन्हा त्या खोट्या झोपेपाशी आला! दिल्लीने झुग्गी-झोपडीचे 'जेजे' केले. अशा आद्याक्षरांनी काही साधत नाही. ब्राझीलचा अनुभव इथे उपयोगी आहे. तिथला 'फावेला' हा शब्द मुळात एका काटेरी झुडपाचा, त्यावरून कानुदोस गावाजवळच्या एका टेकडीचा. १८९७च्या तिथल्या लढाईवरून परतलेले सैनिक रिओमधल्या एका टेकडीवर घरे बांधून राहिले, आणि टेकडीचे नाव अशा सगळ्या वस्त्यांना लागले. शब्द डागाळला म्हणून जनगणनेने १९९१पासून 'सामान्याहून खालचे समूह' अशा अर्थाची कोरडी संज्ञा वापरली. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या सांख्यिकी संस्थेने ती टाकून 'फावेला' परत घेतला. वस्तीतल्या माणसाला 'सामान्याहून खालचा' म्हणण्यापेक्षा टेकडीचे नाव बरे, हे कळायला तीस वर्षे लागली. आपल्याकडे वस्तीतली माणसे हे शहाणपण रोज वापरतात. घरी ते 'खोली' म्हणतात, पत्ता सांगताना अमुक नगर, तमुक वाडी म्हणतात. आणि कचेरीच्या खिडकीशी गेले की न चुकता 'झोपडी' म्हणतात, कारण पात्रतेचा शेरा त्याच शब्दाला मिळतो. तो शब्द आपण सुसंस्कृतपणाने काढून घेतला तर त्यांच्या हातातले एकुलते एक हत्यार काढून घेऊ.

माझी विनंती शब्दकोश करणाऱ्यांना, पत्रकारांना आणि तुम्हाआम्हांला आहे, आणि ती लहान आहे. छप्पर कशाचे, जमीन कोणाची, पाणी आणि शौचालय आहे की नाही, हे तीन प्रश्न आहेत. एका शब्दात त्यांची उत्तरे कोंबू नका. कारण शब्द जिथे गेला तिथे मदत जाते, आणि जिथून तो निघून गेला तिथे काय उरले, हे आपण पाहतच नाही. दसऱ्यानंतर बीडकडून ऊसतोड मजुरांच्या गाड्या निघतात. साखर कारखान्याच्या तळावर किंवा उसाच्या फडाच्या कडेला बांबू वाकवून, चटया बांधून, वर पाचट नाहीतर ताडपत्री टाकून कोप्या उभ्या राहतात. आत जाताना वाकावे लागते. पण जनगणनेची झोपडपट्टी फक्त शहरांतच मोजली जाते, आणि ती सरकारने जाहीर किंवा मान्य केलेली नसेल तर किमान ३०० माणसांची किंवा साठ-सत्तर घरांची असावी लागते. हंगाम संपला की कोपी मोडून बांबू एकावर एक रचून ठेवतात. हेमचंद्रांच्या काळातल्या माणसाने पाहताक्षणी जिला झोपडी म्हटले असते अशी ती आहे, आणि कोणत्याही परिशिष्टात तिला क्रमांक नाही.