अदृश्य दिव्यांगत्व आणि सांगण्याचे मोल



१९६८ मध्ये जयपूर येथे विकसित झालेल्या ‘जयपूर फूट’ने या शहराला जगभर ओळख दिली. गमावलेला पाय दिसतो; ॲस्पर्जर सिंड्रोम मात्र दिसत नाही. गोंगाट असह्य होणे, सूचक बोलणे न उमगणे यांस लोक तुसडेपणा समजतात. म्हणूनच ते सांगावे लागते.

अर्थशास्त्रात यास ‘असममित माहिती’ म्हणतात. सांगितल्यास शिक्का बसण्याची भीती, न सांगितल्यास साहाय्य नाही, असा हा पेच आहे.

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नतेचा समावेश नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो झाला. २०१३ मध्ये अमेरिकी निदानपुस्तिकेने ॲस्पर्जर हे स्वतंत्र निदान स्वमग्नतेच्या व्यापक गटात विलीन केले. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने २१ प्रकार मान्य केले. शासकीय नोकऱ्यांतील आरक्षणास किमान ४० टक्के दिव्यांगत्वाची अट आहे; भेदभावापासून संरक्षणास ती नाही. ॲस्पर्जर असलेल्या अनेकांना हाच आधार महत्त्वाचा ठरतो.

लेखी सूचना किंवा शांत जागा यांचा खर्च नगण्य असतो. परंतु प्रमाणपत्र कार्यालयापुरते असते. सहकाऱ्यांशी व्यक्तीलाच बोलावे लागते. ते निर्धास्तपणे बोलता यावे, असे वातावरण निर्माण करणे हे उद्याच्या प्रशासकांचे, म्हणजेच आपले कर्तव्य आहे.