मातीची कमान

भिलाईच्या दक्षिणेस, दुर्ग जिल्ह्यात, उतई नावाचे गाव आहे. कामानिमित्त तेथे गेलो असता एका घरी मातीची कोठी पाहिली. पुरुषभर उंच, आणि तळाशी धान काढण्यास एक लहानसे तोंड. बोळा काढला, ओंजळभर धान पडले आणि धार थांबली. घरच्या आजींनी सवयीने आत काडी फिरविली, तेव्हा ती पुन्हा सुरू झाली. दाण्यांनी एकमेकांस रेटून तोंडावर कमान धरली होती. वरचा भार कडेच्या मातीवर उतरला होता.

ही गोष्ट विद्वानांनीही तपासली आहे. यान्सेन या जर्मन अभियंत्याने १८९५ मध्ये दाखविले की उंच कोठारातील धान्याचे बरेचसे वजन भिंतीच घर्षणाने पेलतात. १९३६ मध्ये तेर्झागीने वाळूच्या पेटीच्या तळातील एक फळी किंचित खाली सरकविली. फळीवरचा दाब एकदम घटला. तो शेजारच्या स्थिर तळावर गेला होता.

उतईकडची काळी कन्हार माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते; पण थर पातळ असेल तेथे ती उपसून मुरूम भरता येतो. मुंबईच्या खाड्यांकाठचा चिखल कित्येक मीटर खोल. तो उपसणार किती? म्हणून भरावाखाली, टणक थरापर्यंत, ठरावीक अंतराने खांब उतरवितात व त्यांच्या माथ्यांवर रुंद टोप्या बसवितात. खांबांमधला चिखल भाराने थोडा दबतो. तेर्झागीची फळीच ती! मग भरावातील मुरूम टोपीपासून टोपीपर्यंत कमान धरतो. कमानीखाली उरलेल्या मातीसाठी कृत्रिम धाग्यांची जाळी अंथरतात. गंमत अशी की चिखल मुळीच दबला नाही तर कमान धरतच नाही.

त्या कोठीपुढे मला एक जुनी फाईल आठवली. खाडीकाठच्या रस्त्याची. खर्च वाचावा म्हणून भरावाची उंची घटविण्याचा शेरा मी मारला. माती कमी, म्हणजे भार कमी. मग हरकत कोणती? एम. ए. झालेल्या माणसाचा हिशेब! पण कमानीला उंची लागते. १९९५ च्या ब्रिटिश मानकाप्रमाणे ती पूर्ण धरावयास टोप्यांमधील मोकळ्या अंतराच्या १.४ पट भराव हवा. दोन मीटर अंतरास २.८ मीटर. माझ्या शेऱ्यानंतर आमचा भराव उरला सव्वा मीटर.

दोन पावसाळ्यांत रस्ता आप्पेपात्रासारखा झाला: खांबावर उंचवटा, दोहोंमध्ये खळगा. एका पहाटे दुचाकीवरून दूध नेणारा तरुण त्यांत पडला व त्याचा पाय मोडला. पुढे भराव वाढविला, तेव्हा वाचविलेल्या पैशांहून अधिक खर्च झाला.

एका कनिष्ठ अभियंत्याने उंचीविषयीचा आक्षेप आधीच लिहून ठेवला होता. तो अजून फाईलीत आहे. त्याखाली माझी सही आहे, आणि एक शब्द: ‘पाहिले’.