भुतांची मालकी कोणाची?

रोलप्लेइंग गेम, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रांच्या भूमिका घेत मिळून कथा रचण्याचा खेळ, हे इथल्या तरुणांना सांगायला नको. ज्येष्ठांनीही ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चं नाव नातवंडांकडून ऐकलं असेल, म्हणून १९७४च्या त्या खेळापाशी थांबत नाही. माझा विषय आहे एच. पी. लव्हक्राफ्ट या भयकथाकाराच्या कथांवर बेतलेला, सँडी पीटरसन यांचा ‘कॉल ऑफ कथुल्हू’. केऑसियम या अमेरिकन कंपनीनं तो १९८१ साली आणला. त्याहूनही जिव्हाळ्याचा विषय म्हणजे त्या खेळासाठी चाहते स्वतः लिहितात ती भयसाहसं. माझं ठाम मत आहे की, लव्हक्राफ्टचा वारसा आज कादंबरीकारांपेक्षा या हौशी मंडळींनी जास्त इमानानं सांभाळला आहे.

यावर पहिला आक्षेप उसनवारीचा असतो: राक्षस दुसऱ्याचे, शापित ग्रंथ दुसऱ्याचे, मग यांचं स्वतःचं काय? पण ही परंपराच उसनवारीवर उभी आहे. १९२३ साली सुरू झालेल्या ‘वीअर्ड टेल्स’ या स्वस्त मासिकाचे लेखक एकमेकांची दैवतं बिनदिक्कत वापरत. १९३५ साली अठरा वर्षांच्या रॉबर्ट ब्लॉकनं एका कथेत लव्हक्राफ्टसारख्या दिसणाऱ्या पात्राला भयानक मरण दिलं. त्यासाठी लव्हक्राफ्टनं त्याला आधीच लेखी परवानगी दिली होती, आणि तिच्यावर साक्षीदार म्हणून सह्या होत्या काल्पनिक माणसांच्या. त्यांतला अब्दुल अलहझ्रेद लव्हक्राफ्टचा स्वतःचा, फॉन युंट्‌झ रॉबर्ट हॉवर्डचा, तर गास्पार द्यु नॉर क्लार्क अॅश्टन स्मिथचा. पुढच्याच वर्षी लव्हक्राफ्टनं आपल्या कथेत ब्लॉकवर बेतलेल्या मिलवॉकीच्या रॉबर्ट ब्लेकला मारून परतफेड केली. १९३७ साली लव्हक्राफ्ट गेला, तरी ब्लॉकनं १९५० साली त्या कथेला तिसरा भाग जोडलाच. एक कथा, दोन लेखक, आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या चालीला उत्तर देतोय. टेबलाभोवती बसलेले खेळाडू याहून वेगळं काय करतात? आपल्याकडे नारायण धारपांनी लव्हक्राफ्टचं ऋण घेऊनच मराठी भयकथा मोठी केली. त्या उसनवारीमुळे आपण धारपांना कमी लेखत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: हे साहित्यच नव्हे, कारण नायक काय करील हे लेखकाच्या हातात नसतं. मला तर इथेच कसब दिसतं. तळघरातली डायरी खेळाडूंनी उघडलीच नाही, तर? चांगला लेखक तोच सुगावा वृत्तपत्राच्या कात्रणात आणि शेजारणीच्या बोलण्यातही पेरून ठेवतो. खेळाचे नियमही त्याला साथ देतात. विश्वातल्या भीषण सत्याचं ज्ञान जितकं वाढतं, तितकी पात्राच्या मनःस्वास्थ्याची कमाल मर्यादा खाली येते. लव्हक्राफ्टचा अख्खा विचार त्या एका आकडेमोडीत आहे. आता कोणी म्हणेल की, बंदुका चालवणारे धाडसी नायक आणले की हे भय पातळ होतं. पण कोननचा निर्माता हॉवर्ड ‘वीअर्ड टेल्स’च्या याच लेखकांतला होता, आणि त्याचे नायक काही भीतीनं थिजून बसत नाहीत.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा उरलेलं झटपट सांगतो. लव्हक्राफ्ट वंशद्वेष्टा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. तो द्वेष त्याच्या कथांतही उतरला आहे. पण त्याला सर्वांत चोख उत्तर या खेळातूनच मिळालं. २०१७ साली क्रिस स्पायवी यांनी स्वतःच्या छोट्या प्रकाशनातून ‘हार्लेम अनबाउंड’ हे या खेळासाठीचं पुस्तक काढलं आणि कृष्णवर्णीयांना कथेच्या केंद्रस्थानी आणलं. २०२०ची दुसरी आवृत्ती खुद्द केऑसियमनं छापली. त्याच कंपनीच्या ‘मिस्काटोनिक रिपॉझिटरी’त आज चाहते आपली साहसं विकू शकतात आणि निम्मं उत्पन्न लेखकाला मिळतं. निम्मंच का, हे विचारायला हवं, आणि ते मी जाहीरपणे विचारतो.

मागच्या रांगेतून कुणी तरी म्हणालं, ‘बहुतेक साहसं सुमार असतात.’ असतात, मान्य. ‘वीअर्ड टेल्स’चे जुने अंक काढून बघा, तिथेही बहुतेक कथा सुमारच आहेत. पण १९९२ साली ‘द अनस्पीकेबल ओथ’ या चाहत्यांच्या छोट्या नियतकालिकात एक साहस आलं, त्यातून १९९७ साली ‘डेल्टा ग्रीन’ हे पुस्तक झालं, आणि आज तो स्वतःच्या नियमांवर चालणारा स्वतंत्र खेळ आहे. त्याच्यासाठी आता दुसरे चाहते साहसं लिहितात.