कोणाच्या शब्दाला कात्री?



मे २०२१ मध्ये पूर्व जेरुसलेममधील शेख जर्राह वस्तीतल्या पॅलेस्टिनी कुटुंबांवर घरे गमावण्याची पाळी आली. त्यांची कैफियत जगापुढे गेली ती हातातील फोनवरून. त्याच सुमारास इन्स्टाग्रामवर ‘अल-अक्सा’ हा हॅशटॅग रोखला गेला. पवित्र मशिदीचे हे नाव एका सशस्त्र संघटनेच्या नावातही येते, एवढेच कारण! हैफाच्या ‘हमले’ संस्थेने अशा तक्रारी चिकाटीने नोंदविल्या. सप्टेंबर २०२२ मध्ये मेटा कंपनीनेच नेमलेल्या तपासनिसांचा अहवाल आला: अरबी मजकुरावर अतिरेकी कारवाई, हिब्रू द्वेषवचने हुडकणारे यंत्र मात्र त्या काळात नव्हतेच. एका रुग्णाला रोज टोचायचे, दुसऱ्याची नाडीही पाहायची नाही, असले हे वैद्यक! ऑक्टोबर २०२३ मध्ये तर इन्स्टाग्रामच्या यांत्रिक भाषांतराने काही पॅलेस्टिनींच्या परिचयात ‘दहशतवादी’ हा शब्द घुसडला. कंपनीने माफी मागितली.