सरकपट्टीवर बोट ठेवण्याआधी

 

मोबाईलचा आवाज कमीजास्त करायची पट्टी तुम्ही रोज पाहता. एक आडवी रेघ आणि तिच्यावर सरकणारी गोल टिकली. कर्जाच्या ॲपमध्येही अशीच पट्टी असते. टिकली उजवीकडे ओढली की रक्कम वाढते, डावीकडे नेली की कमी होते. इंग्रजीत तिला स्लायडर म्हणतात, आपण सरकपट्टी म्हणू.

गटातल्या कर्जाचा हप्ता काढायला एक छोटं ॲप करायचं आमच्या बैठकीत ठरलं. संगणक शिकणाऱ्या गावातल्याच एका मुलीला घेऊन आम्ही बसलो. तेव्हा कळलं, पट्टी बनवणाऱ्याला चार आकडे ठरवावे लागतात. कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती, एका टप्प्याला किती वाढणार आणि ॲप उघडल्यावर टिकली कुठे उभी असणार.

आम्ही सांगितलं, पाच हजारांपासून एक लाखापर्यंत, टप्पा पाचशेचा. पण असे टप्पे होतात 190, आणि मोबाईलवर पट्टी जेमतेम सहा सेंटिमीटर लांब. म्हणजे एक टप्पा मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढा! बोट जरा हललं की वीस हजारांचे बावीस हजार. त्यात धुणंभांडी करून ओल्या हाताने मोबाईल धरला तर टिकली उड्याच मारते. काचेखाली अगदी हलका विद्युतभार असतो, बोट टेकलं की तो बदलतो आणि त्यावरून मोबाईलला बोट कळतं. पाण्यानेही तो बदलतो, म्हणून हा गोंधळ.

मग आम्ही टप्पा हजाराचा केला. टिकली मोठी केली. बोटाने दाबायची जागा साधारण 9 मिलिमीटर असावी, असं अँड्रॉइडवाल्यांचंही सांगणं आहे. पट्टीच्या दोन्ही टोकांना उणे आणि अधिकची बटणं दिली, आकडा लिहायला चौकट दिली. जे काम बोट ओढून होतं ते न ओढताही करता यावं, असं 2023 साली आलेल्या जागतिक वेब नियमावलीतही म्हटलं आहे. हात थरथरणाऱ्या आजीलाही मग हिशेब करता येतो.

आता चौथा आकडा. टिकली आम्ही सगळ्यात कमी रकमेवर उभी केली. ती एक लाखावर उभी असती, तर गरज वीस हजारांची असतानाही ‘एवढं मिळतंय तर घेऊ’ असं मनात येतं. पट्टी काही बोलत नाही, पण हळूच ढकलते.

दुसरी पट्टी महिन्यांची. ती फार जपून पाहायची. समजा 50,000 रुपये कर्ज, व्याज महिना शेकडा दोन, उरलेल्या मुद्दलावर. 24 महिन्यांना हप्ता येतो सुमारे 2,644 रुपये. टिकली 36 वर नेली की हप्ता 1,962 वर येतो. बरं वाटतं. पण एकूण व्याज सुमारे 13,400 वरून 20,600 वर जातं. हप्ता सातशेने हलका झाला आणि व्याज सात हजारांनी वाढलं! म्हणून आमच्या ॲपमध्ये हप्ता, एकूण व्याज आणि एकूण परतफेड, तिन्ही आकडे एकाच आकाराच्या अक्षरात शेजारी शेजारी ठेवले.

दुसऱ्याच्या ॲपमध्ये असं असेलच असं नाही. तिथे आधी टिकली कुठे उभी आहे ते पाहा. मग ती अगदी डावीकडे नेऊन आपल्या गरजेपर्यंत आणा. ‘पुढे’ दाबण्याआधी चौकटीतला आकडा मोठ्याने वाचा. रिझर्व्ह बँकेने मोबाईलवरच्या कर्जासाठी नियम केले आहेत. सगळा खर्च धरून वर्षाचा दर किती, हे सांगणारं ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ कर्जाचा करार होण्याआधीच मिळालं पाहिजे. कर्ज घेतल्यावर मन बदललं तर ठरलेल्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च भरून, दंड न देता बाहेर पडता येतं. ती मुदत त्याच कागदावर लिहिलेली असते.

पुढच्या बैठकीत एक मोबाईल मध्ये ठेवा. प्रत्येकीने महिन्यांची टिकली एकदा सरकवावी आणि हप्त्याऐवजी एकूण व्याजाचा आकडा वहीत लिहावा. ॲपमध्ये तो दिसत नसेल, तर हप्त्याला महिन्यांनी गुणा आणि त्यातून मुद्दल वजा करा. उरलं ते व्याज. कर्ज किती आणि किती दिवसांचं, हे ठरवायचं ते त्यानंतरच.