भृंगराजाची वाणी



तारेवर बसणारा काळा कोतवाल आपणां सर्वांच्या ओळखीचा आहे. आज ज्याच्याविषयी बोलावयाचे तो त्याचाच रानातला भाऊबंद, भृंगराज. शेपटीतून निघालेल्या दोन लांब तारा, त्यांच्या टोकांना जणू काळी पाने. उडू लागला म्हणजे दोन भुंगे त्याच्या पाठीस लागल्याचा भास होतो. पण रूपाचे वर्णन इतके पुरे. आमचा विषय त्याची वाणी.

एकदा पहाटे कर्नाळ्याच्या रानात आम्हांस शिक्र्याचा आवाज आला. मान दुखेपर्यंत शोधले. शिक्रा नव्हताच, फांदीवर भृंगराज बसलेला! आम्ही हसलो आणि त्याला बहुरूपी ठरवून मोकळे झालो. ही आमची घाई झाली.

बहुरूपी सोंग आणतो ते दाराशी काही मिळावे म्हणून. भृंगराजाने रानात सोंग कोणापुढे आणावे? याचे उत्तर श्रीलंकेत, सिंहराजाच्या पावसाळी अरण्यात मिळाले. तेथील भृंगराज शेंडीवाला. त्याला आता पुष्कळ तज्ज्ञ निराळी जात मानतात. त्या रानात नाना जातींचे पक्षी एकत्र जथ्याने चरतात. त्यांच्या हालचालीने किडे उडतात आणि भृंगराज ते वरच्या वर टिपतो. एबेन गुडेल आणि सरथ कोटगामा या दोघांनी तेथे त्याची वाणी टिपून २००६ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. सारे निवांत असले म्हणजे हा स्वतःच्या बोलात इतरांची गाणी आणि नित्याच्या हाका मिसळतो. संकट आले की मात्र इतर पक्ष्यांच्या भयसूचक हाका काढतो, शिकारी पक्ष्याचा आवाजही काढतो. म्हणजे उसना शब्दसुद्धा प्रसंग पाहून! पुढे त्यांनी त्याचे ध्वनिमुद्रण रानात वाजवून पाहिले, तेव्हा नकला असलेल्या आवाजाकडे जथ्यातले पक्षी अधिक ओढले गेले. जथा जमला की याचे ताट वाढलेच. गावचा कोतवाल दवंडी देतो. हा तर प्रत्येकाच्या बोलीत देतो.

पूर्वी लोक नकलांच्या हौसेने भृंगराज पिंजऱ्यात पाळीत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आता त्याला मनाई आहे. पिंजऱ्यात आवाज तेवढा उरे. ज्यांच्यासाठी तो काढावयाचा ते सोबती मागे रानातच राहात.

आणि आम्ही? त्या पहाटे आम्ही वर पाहात शिक्रा शोधीत राहिलो. झाडाखालच्या पाचोळ्यात त्या वेळी साप होता की रानमांजर, तिकडे आमचे लक्षच गेले नाही.